घरच्या घरी मोटारसायकलचे चाक काढणे व बसविणे

छोट्या व्यापाऱ्याची मोटारसायकल म्हणजे त्याचे चालते दुकान होय. सोमवारी एका गावचा आठवडे बाजार, मंगळवारी दुसऱ्या गावचा. कॅरिअरवर साड्यांचा गठ्ठा, टाकीवर पिशवी, आणि संध्याकाळी त्याच गाडीवरून घरी परत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडील कापडवाले असोत, बांगड्यांचे फेरीवाले असोत, की अवजारांची पेटी घेऊन फिरणारे सुतार, वेल्डर व नळ-कारागीर असोत, साऱ्यांची रोजी दोन चाकांवर उभी आहे. दुकानाच्या कुलपाची आपण रोज दोनदा खात्री करतो. पण ज्या नटावर गाडीचे चाक उभे आहे, तो कुठे आहे हे आपल्यापैकी पुष्कळांनी कधी वाकून पाहिलेले नसते.

या पानावर आम्ही नेहमी भाव, उधारी व हिशेब यांविषयी लिहितो. यावेळी एक हुनर मांडीत आहोत. टायर बदलण्याची वेळ आली की मोटारसायकलचे चाक घरच्या अंगणात कसे काढावे व पुन्हा कसे बसवावे, हा या पाठाचा विषय आहे. टायर रिमवरून उतरविणे व चढविणे हे काम टायरवाल्याचेच राहू द्यावे. त्याच्याकडे यंत्र आहे, हाताला सवय आहे, आणि त्याचीही रोजी त्यावर आहे. आपण फक्त चाक काढून त्याच्याकडे न्यायचे व आणून बसवायचे.

यात दोन फायदे आहेत. पहिला असा की गाडी दुकानासमोर रांगेत उभी करून बाजाराची सकाळ घालवावी लागत नाही. आदल्या संध्याकाळी चाक सायकलवर किंवा रिक्षातून नेऊन आणता येते. दुसरा फायदा मोठा आहे. चाक स्वतः बसविणाऱ्याला कोणता नट महत्त्वाचा व कोणती पिन विसरली तर काय होते, हे कळते. मग काम मिस्त्रीकडून करून घेतले तरी तो गाडी नेण्यापूर्वी वाकून पाहतो. हे पाहणे एखाद्याचा जीव वाचवू शकते.

कोणती गाडी गृहीत धरली आहे

आमच्या वाचकांकडे बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या गाड्या आहेत. १९९४ साली आलेली स्प्लेंडर व तिच्यासारख्या इतर गाड्या घरोघर दिसतात. त्यामुळे दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, मागे चेन आणि खाली मेन स्टँड असलेली गाडी आम्ही नमुना म्हणून घेतली आहे. डिस्क ब्रेकची खबरदारी पुढे वेगळी दिली आहे. प्रत्येक कंपनीच्या गाडीत थोडाफार फरक असतो, म्हणून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक जवळ ठेवावे. ते हरवले असेल तर कंपनीच्या शोरूममधून मागून घ्यावे.

टायर कधी बदलावा व कोणता घ्यावा

टायरच्या कडेवर टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वर, नक्षीच्या खाचेत रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. नक्षी शिल्लक असूनही कडेला बारीक चिरा पडल्या असतील, फुगा आला असेल किंवा आतील धागे दिसत असतील, तर तो टायर एक दिवसही वापरू नये. आम्ही कापडवाले सूत उसवलेला तागा गिऱ्हाइकाला देत नाही. मग धागा दिसणाऱ्या टायरवर स्वतःचे घरचे लोक कसे बसवावेत?

नवा टायर घेताना कडेवरचे तीन आकडे वाचावेत. पहिला आकडा मापाचा. जुन्यावर २.७५-१८ लिहिले असेल तर तेच, किंवा पुस्तकात मान्य असलेले माप घ्यावे. दुसरा आकडा तारखेचा. एका लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

तिसरा आकडा वजनाचा, आणि व्यापाऱ्यासाठी तोच सर्वांत कामाचा आहे. मापाच्या शेजारी ४२पी, ४७पी असे काही लिहिलेले असते. यातील आकडा टायर किती भार पेलतो हे सांगतो. ४२ म्हणजे १५० किलो, ४७ म्हणजे १७५ किलो, ४८ म्हणजे १८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. पी हे अक्षर वेगमर्यादेचे आहे, ताशी १५० किलोमीटर.

आता हिशेब करून पाहू. गाडीचे वजन सुमारे ११० किलो, त्यातील निम्मे म्हणजे ५५ किलो मागच्या चाकावर. चालविणारा ७० किलोचा, त्याचे साधारण ५० किलो मागे. कॅरिअरवर ६० किलोचा गठ्ठा, तो जवळपास सगळाच मागच्या चाकावर. एकूण १६५ किलो झाले. ४७ आकड्याच्या टायरची मर्यादा १७५. म्हणजे केवळ १० किलोची सवलत उरली, आणि रस्त्यातील खड्डा या हिशेबात धरलेलाच नाही. शिवाय गाडी एकूण किती वजन वाहू शकते याची मर्यादा पुस्तकात वेगळी दिलेली असते. जास्त आकड्याचा टायर टाकला म्हणून ती मर्यादा वाढत नाही. रिम, आरे, बेअरिंग व ब्रेक तेच राहतात.

ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरबरोबर नवी ट्यूबच घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते व त्या घडीवर ती फाटते.

लागणारी हत्यारे

एक्सलच्या नटाला बसणारे दोन पाने, ब्रेकच्या बोल्टाचा लहान पाना, एक पक्कड, एक पेचकस, तारेचा ब्रश, जुने सुती कापड, थोडे ग्रीस, हवा मोजण्याचे मीटर आणि नव्या स्प्लिट पिना एवढ्यावर काम होते. पाना रिंगचा किंवा बॉक्सचा असावा. ॲडजस्टेबल पान्याने नटाच्या कडा गोल होतात व मग तो नट कोणाच्याच हाती लागत नाही. एक पसरट ताटली किंवा डबा जवळ ठेवावा. काढलेली प्रत्येक वस्तू, ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने त्यात डावीकडून उजवीकडे मांडावी. मोबाईलने प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला तर फारच चांगले.

गाडी पक्की उभी करणे

इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्यावेत. जमीन सपाट व टणक असावी. माती किंवा तापलेल्या डांबरावर स्टँड रुततो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी. साइड स्टँडवर हे काम कधीही करू नये. स्टँडच्या पायाला दोरी बांधून ती पुढच्या बाजूला, फ्रेमच्या नळीला ओढून बांधावी, म्हणजे धक्का लागला तरी स्टँड मागे दुमडणार नाही. पुढचा ब्रेक दाबून मूठ व लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावी, म्हणजे पुढचे चाक फिरणार नाही. जवळ एक दुसरा माणूस असावा. लहान मुलांना मात्र दूर ठेवावे. त्यांना कुतूहल असते, पण शंभर किलोची गाडी कलली तर ती कोणाचे वय पाहत नाही.

मागचे चाक काढणे

आपल्याकडील बहुतेक गाड्यांत चेन डाव्या बाजूला व मागचा ब्रेक उजव्या बाजूला असतो. सुरुवात ब्रेकच्या बाजूने करावी.

१. ब्रेकच्या लांब सळीच्या टोकाचा नट हाताने फिरवून काढावा. सळी बाहेर ओढावी. स्प्रिंग, छोटी गोल पिन व नट पुन्हा त्याच सळीवर चढवून ठेवावेत, म्हणजे हरवत नाहीत.

२. ब्रेकच्या झाकणाला चिमट्याशी जोडणारी एक लोखंडी पट्टी असते. मिस्त्री तिला टॉर्क रॉड म्हणतात. तिच्या बोल्टातील स्प्लिट पिन किंवा क्लिप काढून नट व बोल्ट काढावा.

३. चिमट्याच्या दोन्ही टोकांवर चेन ताणण्याचे ॲडजस्टर असतात व त्यांच्याजवळ रेघा कोरलेल्या असतात. कोणत्या रेघेवर खूण आहे ते दोन्ही बाजूंचे लिहून घ्यावे.

४. एक्सलच्या नटात स्प्लिट पिन असल्यास ती काढावी. एका बाजूने एक्सलचे डोके पान्याने धरून दुसऱ्या बाजूचा नट सोडवावा. एक्सल बाहेर येत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडी मारू नये. लाकडाचा तुकडा मध्ये धरून हळूच ठोकावे. एक्सल बाहेर येताना चाकाचा भार दुसऱ्या माणसाने हाताने तोलून धरावा.

५. एक्सल निघताच ब्रेकच्या बाजूची छोटी नळी, म्हणजे स्पेसर, खाली पडेल. ती कोणत्या बाजूची व तिचे कोणते तोंड आत होते हे पाहून ताटलीत ठेवावी.

येथून पुढे दोन प्रकार आहेत. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत चेनची मागची चकरी एका वेगळ्या मोठ्या नटाने चिमट्यालाच धरलेली असते. अशा गाडीत चाक उजवीकडे सरकविले की चकरी व चेन जागेवर राहते व चाक मोकळे होते. दुसऱ्या प्रकारात चकरी चाकाबरोबरच येते. तेथे ॲडजस्टर सैल करून चाक पुढे ढकलावे व चेन चकरीवरून उतरवावी. मडगार्डमधून चाक बाहेर काढताना गाडी किंचित कलवावी लागते. ते काम साथीदाराने गाडी धरली असतानाच करावे.

चेन उघडावीच लागली तर तिच्या जोडकडीवरील क्लिप पुन्हा बसविताना दिशा सांभाळावी. क्लिपचे एक टोक बंद असते व दुसरे फाटलेले. मासा जसा डोके पुढे करून पोहतो तसे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. वरच्या बाजूची चेन मागून पुढे, इंजिनाकडे धावते, हे लक्षात ठेवावे. क्लिप उलटी बसली तर ती अडकून निघू शकते.

चाक बाहेर आले की काय तपासावे

ब्रेकचे झाकण काढले की ड्रममध्ये काळी भुकटी दिसेल. ती तोंडाने फुंकू नये, कारण ती छातीत जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या कापडाने पुसून घ्यावी व ते कापड फेकून द्यावे. लायनर पातळ झाले असतील तर टायरबरोबरच बदलावेत. लायनरला किंवा ड्रमला ग्रीसचे बोट लागता कामा नये.

चाकाच्या मध्यभागी बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवावे. ते मऊ फिरले पाहिजे. खरखर लागली किंवा डगमगले तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली. हबमधील रबरे फुटली असतील तर गाडी उचलताना झटका बसतो, तीही बदलून घ्यावीत. चकरीचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन व दोन्ही चकऱ्या एकत्र बदलाव्यात. आऱ्यांवर पेचकसाने एकेक टकटक करावी. ताणलेला आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. मागावर ताणा सैल पडल्याचे विणकराला आवाजावरूनच कळते, तसेच हे आहे. सैल आरे स्वतः आवळत बसू नये. रिम वाकडी होते. ते काम व्हील अलाइनमेंटवाल्याचे आहे.

टायरवाल्याकडे

चाक नेताना खडूने त्यावर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण काढावा. नव्या टायरच्या कडेवरही बहुधा बाण असतो. दोन्ही बाण जुळले पाहिजेत. रिमच्या आतील रबरी पट्टी फाटली असल्यास नवी टाकावी, नाहीतर आऱ्यांची टोके ट्यूबला भोके पाडतात. चाक परत घेताना टायरच्या कडेजवळची बारीक रेघ पाहावी. ती रिमपासून चोहोबाजूंनी सारख्या अंतरावर असेल तर टायर नीट बसला आहे. एके ठिकाणी ती आत गेली असेल तर हवा काढून पुन्हा बसवून घ्यावा. वॉल्व्ह सरळ उभा असावा. तो कलला असेल तर ट्यूब आत सरकली आहे.

मागचे चाक बसविणे

काढण्याचा क्रम उलटा केला की बसविण्याचा क्रम होतो. एक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. ब्रेकचे झाकण ड्रममध्ये बसवून चाक जागेवर न्यावे. चकरीचा भाग व हबची रबरे एकमेकांत पूर्ण शिरली पाहिजेत. स्पेसर त्याच्या जागी धरून एक्सल ज्या बाजूने काढला त्याच बाजूने घालावा. तो हाताने सरकत नसेल तर काहीतरी सरळ नाही असे समजावे. जोर लावू नये, चाक थोडे वरखाली करावे. नट फक्त हाताने लावून ठेवावा.

यानंतर सर्वांत आधी टॉर्क रॉड जोडावा. बोल्ट, नट, व शेवटी नवी स्प्लिट पिन. याचे कारण नीट समजून घ्या. ब्रेक दाबल्यावर लायनर फिरत्या ड्रमला पकडतात, आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवू पाहतो. झाकणाला अडवून धरणारी वस्तू म्हणजे ही एकच पट्टी. ती सुटली तर झाकण गरकन फिरते, सळी वाकते, चाक जाम होते व गाडी आडवी जाते. मागून ट्रक येत असेल तर पुढे काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

आमच्याकडून माल नेणारा एक फेरीवाला गेल्या पावसाळ्यात टायर बदलून आला होता. गठ्ठा बांधताना आमच्या मुलाने सहज वाकून पाहिले, तर टॉर्क रॉडचा नट बोटाने फिरत होता व पिन नव्हतीच. तो भाऊ आदल्या रात्री त्याच गाडीवर पत्नी व दोन मुलांना घेऊन दहा कोस आला होता. पिनेची किंमत चहाच्या कपापेक्षा कमी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे मागे एकच माणूस बसविता येतो, हेही येथे सांगून ठेवतो.

आता ब्रेकची सळी, पिन, स्प्रिंग व नट जोडावेत. मग चेनचा ताण पाहावा. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून बहुतेक लहान गाड्यांत २ ते ३ सेंटिमीटर हालचाल असावी. नेमका आकडा पुस्तकात असतो. चाक हळूहळू फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे व जेथे चेन सर्वांत घट्ट लागते तेथील माप धरावे. दोन्ही ॲडजस्टर सारख्याच रेघेवर आणावेत, नाहीतर चाक तिरपे बसून टायर व चेन दोन्ही लवकर झिजतात. चकरीला वेगळा मोठा नट असलेल्या गाडीत ताण बदलताना तोही सैल करावा लागतो व शेवटी तोही आवळावा लागतो. चेन हाताळताना इंजिन बंदच हवे. चालू इंजिनावर चेन पुसताना बोटे गमावलेले लोक प्रत्येक शहरात सापडतील. कारागिराचे बोट गेले म्हणजे त्याचे भांडवल गेले.

शेवटी चाक पुढे ढकलून ॲडजस्टरला टेकवावे, साथीदाराने ब्रेकचे पेडल दाबून धरावे, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर येतात, आणि मग एक्सलचा नट आवळावा. किती आवळावा? पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये आकडा असतो. समजा ५० लिहिले आहे. पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर हात धरला तर सुमारे २० किलोचा जोर लावावा लागेल. २० किलोची पोती उचलताना हाताला काय वाटते हे आपल्याला ठाऊकच आहे. पान्यात पाइप घालून त्यावर उभे राहणे ही ताकद नव्हे, आट्यांची नासाडी होय. नटातील खाच पिनेच्या भोकाशी जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळून जुळवावी, मागे सैल करून नव्हे. आत नायलॉनचे कडे असलेला नट बोटाने सहज फिरू लागला असेल तर तो बदलावा.

ब्रेकच्या पेडलला साधारण २ ते ३ सेंटिमीटर मोकळी चाल ठेवावी. चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते का, ब्रेक लागतो का, व ब्रेकचा लाल दिवा पेटतो का, हे पाहावे.

पुढचे चाक

येथे गाडीचे पुढील तोंड उचलावे लागते. मूठ व लिव्हरची पट्टी सोडावी. मागच्या चाकाच्या पुढे-मागे विटा लावाव्यात व गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. इंजिनाखाली सपाट फळी व तिच्याखाली लाकडी ठोकळे सारून पुढचे चाक दोन बोटे उचलले जाईल असे करावे. सायलेन्सरच्या नळीवर भार देऊ नये. मागे माणूस बसवून तोंड उचलणे धोक्याचे आहे. त्याला कोणी हाक मारली व तो उठला की गाडी हातावर येते.

ब्रेकची केबल व मीटरची केबल सोडवावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सी.बी.एस. किंवा ए.बी.एस. आवश्यक झाले. सी.बी.एस.मध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो, म्हणून अशा गाडीत एक केबल जास्त दिसेल. फोटो काढूनच ती सोडवावी. मग नट काढून एक्सल ओढावा, चाक खाली येईल.

बसविताना दोन जागा पाहायच्या. एक, मीटरच्या छोट्या पेटीचे दोन कान हबच्या खाचांत बसले पाहिजेत. ते न बसता नट आवळला तर पेटी फुटते. दुसरी जागा जिवाची आहे. ब्रेकच्या झाकणावर एक खाच असते व शॉकअपच्या नळीवर एक उंचवटा. उंचवटा खाचेत शिरलाच पाहिजे. मागच्या चाकाला टॉर्क रॉड जे काम करतो तेच पुढे हा उंचवटा करतो. तो चुकला तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला झाकण फिरून केबल तुटते, पुढचे चाक जाम होते व चालविणारा हँडलवरून फेकला जातो. बॅटरी लावून डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे, मगच ब्रेक दाबून ठेवून एक्सलचा नट आवळावा. नंतर हँडल दोन्ही टोकांना वळवून केबल ताणली जात नाही ना हे पाहावे.

डिस्क ब्रेक असेल तर

चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नये. दाबली तर पॅड जवळ येऊन डिस्क आत शिरत नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून ठेवावा. चाक डिस्कच्या बाजूवर आडवे ठेवू नये. डिस्कला तेल वा ग्रीस लावू नये. चाक बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी लिव्हर घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबावी, नाहीतर पहिल्या वळणावर ब्रेक लागणारच नाही. ए.बी.एस.ची तार व सेन्सर यांना ओढ बसू देऊ नये.

निघण्यापूर्वी

ताटली पाहावी. तिच्यात एकही वायसर किंवा नळी उरली असेल तर गाडी सुरू करू नये. ती कुठली हे शोधूनच पुढे जावे. टायर थंड असताना हवा मोजावी. पुस्तकात एकट्यासाठी व मागे भार असतानासाठी वेगवेगळे आकडे असतात. माल नेणाऱ्याने दुसरा आकडा धरावा. दोरी, फळी व विटा काढून गल्लीत सावकाश एक फेरी मारावी, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. नवा टायर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले १५० किलोमीटर जोराचा ब्रेक व तिरपे वळण टाळावे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व नट व चेनचा ताण पुन्हा तपासावा. गठ्ठ्याने भरलेली गाडी पहिल्याच दिवशी बाजाराला काढू नये.

वाकडी रिम, बेअरिंग ठोकून काढणे, डिस्कचे तेल व ए.बी.एस.चा दिवा ही कामे मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावीत. आपल्याला काय येते हे जितके कळले पाहिजे, तितकेच काय येत नाही हेही.

स्वतःच्या हाताने काम करण्यात कमीपणा नाही. आमचे प्यारे नबी ﷺ आपले जोडे स्वतः सांधीत व कपड्याला स्वतः ठिगळ लावीत. आणि उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधण्यास व मग तवक्कुल करण्यास सांगितले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपला उंट आज दोन चाकांचा आहे. त्याचा दोर म्हणजे तो एक्सलचा नट व ती छोटी पिन. गाडीवर मागे बसणारी पत्नी, मूल किंवा म्हातारी आई आपल्यावर विश्वास ठेवून बसते. तो विश्वास अमानत आहे, आणि गिऱ्हाइकाच्या पैशाइतकाच त्या अमानतीचाही हिशेब द्यावा लागणार आहे.

तेव्हा बंधूंनो, या जुम्याच्या नमाजनंतर थोडा वेळ काढा. चाक काढायचे नसले तरी गाडीजवळ बसा, टॉर्क रॉडची पिन शोधा, पुढच्या झाकणाची खाच पाहा, टायरच्या कडेवरचा आकडा वाचा, आणि घरातील मोठ्या मुलालाही दाखवा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो व प्रत्येकाला संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.